कुंद्याचा गुण

गेल्या श्रावणात मुलगा पुण्याहून आला आणि माझ्या डाव्या दंडावर एक पांढरी चकती ठोकून गेला. 'ठोकून' हाच शब्द बरोबर. शिक्का मारायच्या यंत्रासारखं काहीतरी त्याने दंडावर टेकवलं, खट्ट आवाज झाला आणि 'झालं, बाबा' म्हणाला. दुखलं नाही, हे कबूल. पाच रुपयांच्या नाण्याहून जराशी मोठी चकती. तिच्यातून केसासारखी एक तार अर्धा सेंटिमीटर कातडीखाली गेलेली. ती दिवसरात्र साखर मोजते, आकडा माझ्या मोबाइलला सांगते, आणि माझा मोबाइल तो पुण्यात मुलाला आणि सूनबाईंना सांगतो. 14 दिवस हा पहारा. मग जुनी उपटायची, नवी ठोकायची.

माझा मधुमेह 18 वर्षांचा. सज्ञान झालाय. आम्ही दोघं एकमेकांना सांभाळून होतो. पूर्वी उपाशीपोटी रक्त द्यायच्या आधी चार दिवस सभ्यपणे वागलं की भागायचं. पुढे तीन महिन्यांचा ताळेबंद मांडणारी ती एचबीएवनसी आली आणि ती वाट बुजली. तरी सरासरीचं एक बरं असतं, कुठल्या मंगळवारी किती वाजता काय खाल्लं हे तिला कळत नाही. चकतीला कळतं.

"बाबा, काल सव्वाचारला काय होतं?"

"चहा."

"चहानं 240 होत नाही."

"त्यापेक्षा जास्त खोलात जाऊ नकोस," असं मी म्हणणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "सव्वाचारला हे खडेबाजारात गेले होते."

आता माणसानं राहावं कुठं, तर बेळगावात! शेतात ऊस, कारखान्यात साखर, गल्लीच्या तोंडाशी खव्याचा कुंदा. गोकाकहून कुणी आलं तर रिकाम्या हाताने येत नाही, करदंट आणतं. लग्नाला जावं तर पानात मांडे. कारखान्यांचा गळीत हंगाम निदान काही महिन्यांनी आटोपतो, माझा बारमाही. आणि कुंद्याने साखर चढली तर तक्रार नाही, खाल्लेल्याची बदनामी माणूस सोसतो. पण चिमूटभर साखर न घातलेल्या पोह्यांनी आलेख पारसगडाच्या चढासारखा वर जावा? मी ते पोहे पथ्य म्हणून खात होतो!

डॉक्टरांनी हद्द आखून दिलीय, 70 ते 180. ह्या दोन रेषांच्या आत राहायचं. आम्हा सीमाभागातल्या लोकांना रेषा नवीन नाहीत. 1956 पासून आम्ही एका रेषेच्या नको त्या बाजूला आहोत, आणि 2004 पासून सुप्रीम कोर्टात त्याचा दावा पडून आहे. तिथं धीर धरायची सवय झाली. इथं मात्र 181 झालं की मोबाइल लगेच बोंब मारतो, पुढची तारीख वगैरे काही नाही. व्हॅक्सिन डेपोत सकाळी फिरायला येणारे माझे जुने कन्नड सहकारी हल्ली नमस्कारसुद्धा करत नाहीत. लांबूनच विचारतात, "सर, एष्ट ऐत्री?" मी म्हणतो, "नूर ऐवत्त." दीडशे ऐकलं की ते खूश. दोन्ही भाषांत ज्यावर एकमत व्हावं असा हा एकच आकडा मला आजवर सापडला.

तर, ती रात्र. आषाढातल्यासारखा पाऊस. मी पाठीवर झोपलो की घोरतो म्हणून बायकोच्या हुकमाने डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. मोबाइल बाहेर चार्जिंगला. सव्वादोनला तो केकाटायला लागला, तो मला ऐकू आला नाही. पुण्यात ऐकू गेला. आकडा 54. मी रात्री इन्शुलिन घेतो, त्यामुळे मुलाचं घाबरणं चूक म्हणता येत नाही. त्याने मला फोन केला, आईला केला (तिचा सायलेंटवर), शेवटी समोरच्या घरी केला.

दारावर धपाधप थापा. उघडतो तर छत्र्या, बॅटऱ्या, कोपऱ्यावरचे निवृत्त कंडक्टर कानटोपी घालून.

"काय होतंय ओ काका?"

"काही नाही. झोपलो होतो. मी ठणठणीत आहे."

"असंच बरळतात बघा," कंडक्टर गंभीरपणे म्हणाले. "साखर उतरली की माणसाला आपल्याला काय झालंय तेच कळत नाही."

ह्यावर काय बोलणार? जितकं 'बरा आहे' म्हणावं तितका आजार वाढत होता. घाम आहे का म्हणून कुणी कपाळाला हात लावला. एवढी माणसं खोलीत शिरल्यावर घाम येणारच. साखरपाणी, साखरपाणी असा गलका झाला. पण समोरच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये गोव्याच्या पाहुण्यांसाठी आणलेला अर्धा किलो कुंदा होता. तो आला. आणि ज्या बायकोने 18 वर्षं माझ्या हातातून गोडाची वाटी काढून घेतली, तिने डोळ्यांत पाणी आणून तो मला चमच्याने भरवला.

"खावा की ओ काका, लाजताय काय!"

मी प्रतिकार केला असं म्हणणार नाही.

पंधरा मिनिटांत मोबाइलवरचा बाण वर वळला. 72. 95. 130. "बघा, कुंद्याचा गुण!" कंडक्टर म्हणाले. सगळ्यांनी चहा घेतला. त्यानंतर कपाटाखालून बोट टोचायचं मशीन सापडलं. त्यात आकडा आला 212. साडेतीनला चकतीही तिथं पोचली, मोबाइल पुन्हा ओरडला आणि पुण्याहून झोपाळू आवाज आला, "बाबा, आता काय खाल्लंत?"

डॉक्टर दुसऱ्या दिवशी हसले, मग रागावले. चकती रक्त मोजतच नाही म्हणे. कातडीखालच्या पेशींच्या मधलं पाणी मोजते. म्हणून तिची बातमी रक्ताच्या पाचदहा मिनिटं मागे. आणि त्या दंडावर अंग टाकून झोपलं की तिथलं पाणी दाबलं जातं, आकडा खोटाच खाली पडतो. उठून बसलो, दाब सुटला, आकडा आपोआप चढला. आधी बोट टोचून बघायचं. खरोखर उतरली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं. कुंदा त्यासाठी नव्हेच, खव्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते.

बायकोने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि पुढची चकती उजव्या दंडाला लावायचा निर्णय तिथंच जाहीर केला. काल ती लागली. समोरच्या वहिनींकडे शनिवारी परत गोव्याचे पाहुणे येणार आहेत. हल्ली उजव्या कुशीवर मला झोप बरी लागते.