भोंडल्याचा हत्ती मुलांनाच भरू द्या

शरदातल्या संध्याकाळी लहान मुलांकडून काय करून घ्यावं, यावरचा एक लेख वाचला; त्यात कागदी पानं, ठसेकाम छान दिलंय. पण भोंडला कसा राहिला? पाटावर खडूने हत्तीची आकृती काढून द्यायची आणि आतलं धान्य मुलांना भरू द्यायचं. मसूर चिमटीत धरून सोंडेच्या रेषेवर ठेवताना बोटांना जे वळण लागतं, तेच पुढे पेन्सिल धरताना कामी येतं. सोंड वाकडी झाली तरी मोठ्यांनी हात लावू नये! पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, यात मोजणी आपोआप होते. खिरापत ओळखताना तर गोड की तिखट, ओली की कोरडी असे प्रश्न मुलं स्वतःच विचारू लागतात. तीन वर्षांखालच्यांना मात्र सुटे दाणे देऊ नका, नाकात घालतात. त्यांना फुलांच्या पाकळ्या द्या.