चोर दोन होते

'वधस्तंभावरच्या चोराचं तारण शेवटच्या घटकेला झालं, म्हणजे कधीच उशीर होत नाही' हे तुमच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराने मरता मरता त्याच्यावर विश्वास ठेवला आणि त्याचं तारण, म्हणजे पापातून सुटका झाली, हे कबूल. अहो तिथे चोर दोन होते ना, दुसराही येशूच्या तेवढ्याच जवळ होता आणि निंदाच करत राहिला, त्याचं काय? शिवाय तारण झालेला चोर आधी विश्वास ठेवायला चालढकल करत होता असं बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात कुठेच नाही. चालढकल बघायची तर बायबलमधल्याच 'प्रेषितांची कृत्ये' पुस्तकाचा 24वा अध्याय वाचा, फेलिक्स सुभेदार त्याच्या कैदेतल्या पौलाचं, म्हणजे येशूचा संदेश सांगणाऱ्या प्रेषिताचं ऐकून चक्क घाबरला, तरी सवड झाली की बोलावतो म्हणाला, मग बोलवायचाही वरचेवर पण पौलाकडून पैसे मिळतील या आशेने, अशी 2 वर्षं गेली आणि त्याच्या जागी फेस्त हा नवा सुभेदार आला.

आमचे मामा तसेच, नाताळला केक खायला हमखास हजर पण बाप्तिस्म्याचा विषय काढला की 'रिटायर होऊ दे रे, मग निवांत'. रिटायर झाले, सोसायटीचे सेक्रेटरी झाले, आता म्हणे धाकटीचं लग्न उरकू दे! विम्याचा हप्ता मात्र एक दिवस चुकवत नाहीत. पुढचा लेख फेलिक्सवर लिहा सर, लिंक मामांना पाठवतो.