पिट्सबर्गचं कोर्ट आणि ‘धाकाचा किल्ला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराच्या अ‍ॅलेगेनी काउंटी कोर्टहाउसवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत, की हा न्यायाचा नव्हे, धाकाचा किल्ला आहे. ठेंगण्या दारातून तळघरात शिरल्यासारखं वाटतं, आणि सामान्य माणसाला दबकवायलाच वास्तुविशारद हेन्री हॉब्सन रिचर्डसननं तो असा बांधला.

दारापासून सुरुवात करते. तुम्ही शिरलात ते खरोखर तळघरच होतं! 1888 साली इमारत पुरी झाली तेव्हा समोरचा रस्ता, ग्रँट स्ट्रीट, बराच उंच होता. तिथला चढ 1913 पर्यंत खणून काढला, रस्ता खाली गेला आणि मुख्य मजला वर लटकत राहिला. पुढे तळघराच्या भिंतीतच दारं काढली. म्हणजे तुम्हाला खटकलेलं दार रिचर्डसनचं नाहीच. तो तर काम पुरं होण्याआधीच, 1886 मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला.

दर्शनी बाजू भारदस्त आहे, हे खरं. ग्रॅनाइट तासून गुळगुळीत न करता ओबडधोबडच ठेवलाय. पण तुम्ही चौकात गेलात का? सगळं कोर्ट त्या मोकळ्या चौकाभोवती रचलंय. तिथे भिंत जवळपास उरतच नाही. उंच कमानी, त्यांत ओळीनं खिडक्या, आणि मधल्या दगडाचे फक्त खांब. पोलादाच्या कारखान्यांनी भर दुपारी अंधारणाऱ्या शहरात कारकुनाच्या टेबलापर्यंत उजेड पोचावा म्हणून ही सगळी खटपट. समोरचा उंच मनोराही नुसता मिरवायला नाही. काजळीच्या थरावरची हवा तो वरून आत ओढायचा आणि आतली कोंदट हवा मागच्या दोन मनोऱ्यांतून बाहेर जायची. नुसतं दबकवायचं असतं, तर आतल्या माणसाच्या श्वासाची एवढी फिकीर कोण करतं?

कोर्टामागच्या, रस्त्यापलीकडच्या तुरुंगाबाबत मात्र तुमचं म्हणणं पटतं. रस्त्यावरून तो कोर्टाला जोडणाऱ्या दगडी पुलाचे फोटो सगळे हौसेनं काढतात. त्यावरून बेड्या घातलेली माणसं नेली जात, याचा विचार कमीच होतो. 1995 पर्यंत त्या तुरुंगात कैदी होते. त्या भिंतींना ‘सुंदर’ म्हणताना माझीही जीभ अडखळते, आणि तुमचा ‘धाक’ हा शब्द तिथे अगदी चपखल बसतो.

पण तो कोर्टाला लावू नका. पुन्हा गेलात तर आधी चौकात जा, मग आतला मोठा जिना चढा. त्याच्या एकामागून एक उठणाऱ्या कमानींखालीही दडपण आलं, तर जरूर लिहा. मला त्यावर बोलायला आवडेल.