दोन टक्के कोणत्या कार्डावर?
‘कार्डावर दोन टक्के जादा घेणं दुकानदाराचा हक्कच’ हे लेखातलं वाक्य चूक आहे. डेबिट कार्डाचा एमडीआर (कार्डाच्या व्यवहारावर बँक दुकानदाराकडून कापते ते शुल्क) ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर स्वाइप मशीनवर तो जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यापुढे ०.९०, रुपे डेबिटवर तर १ जानेवारी २०२० पासून शून्यच. मर्यादा नाही ती क्रेडिट कार्डाला.

बडोद्याच्या रावपुरा, दांडिया बाजारातल्या व्यापाऱ्यांनी महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये डेबिट आणि क्रेडिटची कपात वेगवेगळी तपासावी. सगळ्याला एकच दर लागलेला दिसला तर बँकेकडे लेखी तक्रार करा, ग्राहकाकडून वसुली नको. आणि जीएसटी नोंदणी असेल तर या शुल्कावरच्या १८ टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची आपल्या देय करातून वजावट) घ्या, ते बरेच जण सोडून देतात!