सर्व्हरच्या लॉगमध्ये कॉपीबहाद्दर दिसतात म्हणे!

कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. कुठल्याशा कॉलेजच्या ऑनलाइन गृहपाठाच्या सर्व्हर लॉगचा, म्हणजे कुठून कधी काय मागवलं गेलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींचा, स्क्रीनशॉट आणि खाली निकाल: एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) ढीगभर मुलं, भर दुपारी साडेतीनला वर्गात बसून उत्तरं, मिनिटाच्या आत सुटलेली गणितं, एकेकाचे शेकडो क्लिक. म्हणजे सगळी पोरं कॉपी करतात! स्क्रीनशॉट खरा असेलही, पण तो वाचायचा कसा हे लिहिणाऱ्याला माहीत नाही.

दुपारच्या साडेतीनचं आधी उरकतो. त्याच ओळीत वेळेपुढे ‘+००००’ छापलंय. म्हणजे वेळ जागतिक प्रमाणवेळेतली आहे, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात. पोरं घरीच होती.

शेकडो क्लिकचंही तसंच. एक पान उघडलं की त्यातलं प्रत्येक चित्र, प्रत्येक फाइल लॉगमध्ये वेगळी ओळ होऊन बसते. बोट एकदाच लागलेलं असतं.

आता आयपी. आयपीव्ही४ या जुन्या, अजूनही चालू असलेल्या पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून सुमारे ४३० कोटी, आणि ते कधीच पुरेनासे झालेत. म्हणून मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात. या सोयीसाठी २०१२ साली पत्त्यांचा एक वेगळा गटच राखून ठेवला गेला. त्यामुळे गडहिंग्लजचा मुलगा आणि जयसिंगपूरची मुलगी, एकमेकांना ओळखतही नसताना, लॉगमध्ये एकाच पत्त्यावर दिसू शकतात. राजारामपुरीतल्या एखाद्या अभ्यासिकेत एका वायफायवर बसलेली मुलं तर एकाच पत्त्यावर दिसणारच. उलट वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेलेला एकटा मुलगा दोन पत्त्यांवर दिसतो. मग काय, तो दोन मुलं झाला?

मिनिटाच्या आतल्या उत्तरांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात डेव्हिड प्रिचर्ड आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या ऑनलाइन गृहपाठाच्या नोंदी तपासल्या, २०१० साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. प्रश्न उघडल्यापासून फार लवकर आलेली बरोबर उत्तरं त्यांनीही नकलेची खूण मानली, आणि भरपूर नक्कल करणारे परीक्षेत मागे पडलेले दिसले. पण त्यांनी एका ओळीवरून कुणाला पकडलं नाही. सत्रभराच्या नोंदी घेतल्या, वेळांची सगळी विभागणी पाहिली, परीक्षेच्या गुणांशी ताडून पाहिली. आपल्या फॉरवर्डवाल्याने पान शेवटचं उघडल्यापासूनचे सेकंद मोजलेत. आदल्या रात्री प्रश्न वहीत उतरवून, सोडवून, सकाळी नुसतं उत्तर भरणारी सिन्सियर मुलगी त्याच्या हिशेबात चोर ठरते. आणि टॅब उघडा टाकून रंकाळ्यावर चक्कर मारून आलेला गडी दोन तास अभ्यास करणारा!

खरी नक्कल पकडायची जागा दुसरीच आहे. अशा बऱ्याच प्रणाली एकाच गणितात प्रत्येकाला वेगवेगळे आकडे देतात. माझ्या आकड्यांना मी तुझ्या आकड्यांचं बरोबर उत्तर भरलं, तर ते कुठून आलं हे विचारायला सरांना पूर्ण जागा आहे. त्यासाठी कोणी काय उत्तर भरलं ते दिसायला हवं. ते गृहपाठाच्या डेटाबेसमध्ये असतं. स्क्रीनशॉटमधल्या ओळी वेब सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगच्या आहेत, आणि त्यात उत्तर पाठवल्याची नोंद होते, पाठवलेलं उत्तर लिहिलंच जात नाही.