रेडच्या डिस्क बदलल्यावर अ‍ॅरे मोडू नका

लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये (अनेक डिस्क जोडून एकच साठा बनवायची पद्धत) मोठ्या डिस्क टाकल्या तरी जागा वाढत नाही, डिस्कचा हा जोडलेला गट म्हणजे अ‍ॅरे मोडून नव्याने बनवा असा मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे. जागा आपोआप वाढत नाही हे खरं, पण मोडायची गरज नाही, हे रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएम (mdadm) या प्रोग्रामच्या मॅन्युअलमध्येच अ‍ॅरे वाढवायचा ग्रो मोड दिलाय. एकेक डिस्क बदलायची, पार्टिशन वापरत असाल तर ते मोठं करायचं आणि दरवेळी रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) पूर्ण होऊ द्यायचं, कारण एकच डिस्क गेलेली चालते अशा रेड ५ मध्ये तेवढ्या वेळात दुसरी डिस्क गेली तर सगळा डेटा जातो, म्हणून बॅकअप आधी घ्याच. सगळ्या बदलल्या की ग्रोला साइज मॅक्स (--size=max) द्या, मग अ‍ॅरेवरची फाइलसिस्टिम (फाइली ठेवायची रचना) वाढवा, हे लोक विसरतात. फाइलसिस्टिम ईएक्सटी४ असेल तर रिसाइझ२एफएस (resize2fs) ही कमांड, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस (xfs_growfs). तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, कुणाचा तरी डेटा जाईल.