ॲल लँगच्या तिकिटांबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुमच्या तक्रारी अशा: फ्लोरिडातल्या मूळच्या बेसबॉलच्या ॲल लँग स्टेडियमात टँपा बे राउडीज या फुटबॉल संघाच्या सामन्याला आमच्याकडून होम प्लेटमागच्या (बेसबॉलमध्ये फलंदाज उभा राहतो त्या जागेमागच्या) जागा घेतल्या, त्या कोपऱ्यात निघाल्या आणि लांबचा गोल दिसलाच नाही. मैदान बेसबॉलच्या मातीवर गवत अंथरून केलेलं. विजा चमकल्यावर खेळ थांबला आणि मुलं कंटाळली. शिवाय संघ दुय्यम.

आधी जागांबद्दल, कारण पैसे तिथेच गेले. बेसबॉलचे स्टँड काटकोनात असतात: एक बाजू पहिल्या बेसकडे, दुसरी तिसऱ्या बेसकडे, आणि कोपऱ्यात होम प्लेट. बेसबॉलला त्या कोपऱ्यातली खुर्ची सर्वांत चांगली, कारण खेळ तिथूनच सुरू होतो. फुटबॉलचा आयत या काटकोनात बसवला की त्याच कोपऱ्यात कॉर्नरचा झेंडा येतो. 105 बाय 68 मीटरच्या मैदानाचा कर्ण सुमारे 125 मीटर भरतो, म्हणजे समोरचा कोपरा तितका दूर. त्यात होम प्लेटच्या मागे किमान 60 फूट मोकळे सोडावेत अशी बेसबॉलच्या नियमातच शिफारस आहे, त्यामुळे अशा स्टँडमध्ये प्रेक्षक मुळातच मागे बसतो. खुर्च्यांची तोंडंही बेसबॉलच्या खेळाकडे वळवलेली असतात, मग मान सारखी फिरवावी लागते.

म्हणून अशा स्टेडियमात बेसबॉलचा हिशोब सोडून द्यायचा. टचलाइनला (फुटबॉल मैदानाच्या लांब कडेला) समांतर असलेली बाजू निवडा, मध्यरेषेच्या जितकं जवळ तितकं बरं, आणि पहिल्या रांगांऐवजी जरा वरच्या घ्या. खाली बसलं की पलीकडच्या बाजूचे पास एका रेषेत दिसतात, कोण मोकळा आहे ते कळत नाही. गोलामागची बाजू आवडणाऱ्यांनीही वरच बसावं.

मातीचं म्हणणं मात्र इथे लागू होत नाही. अमेरिकेतल्या अल पासो किंवा टल्सासारख्या ठिकाणी बेसबॉल आणि फुटबॉल एकच मैदान वापरतात. तिथे पिचरचा (चेंडू फेकणाऱ्याचा) दहा इंची उंचवटा काढून टाकतात किंवा खाली घेतात आणि इनफिल्डच्या (चार बेसमधल्या भागाच्या) मातीवर गवताचे गालिचे टाकतात. ते जाड कापावे लागतात, कारण मुळं धरायला वेळ नसतो. गालिचा स्वतःच्या वजनावरच टिकतो. खालची चिकणमाती दाबून घट्ट केलेली असल्याने पाणी हळू मुरतं, चेंडूची उसळी बदलते आणि गालिच्यांच्या सांध्यावर बूट अडकतो. ॲल लँगमध्ये टँपा बे रेज या बेसबॉल संघाने वसंतातला शेवटचा सराव 2008 मध्ये केला, 2011 पासून राउडीज तिथे खेळतात आणि पुढे स्टेडियम फुटबॉललाच दिलं गेलं. सामन्यागणिक अदलाबदल तिथे होत नाही.

‘पाडून नवीन का बांधत नाहीत?’ असंही तुम्ही विचारलंत. जमीन सेंट पीटर्सबर्ग शहराची, तीही खाडीकाठची. अशा जमिनीचा दीर्घ मुदतीचा करार करायला तिथे नागरिकांचं मतदान घ्यावं लागतं. 2017 मध्ये ते झालं, कौलही अनुकूल आला, पण एमएलएस या अमेरिकेतल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये संघाला जागा मिळाली नाही, म्हणून ते तिथेच थांबलं.

संघ दुसऱ्या श्रेणीत आहे, हे खरं. अमेरिकेत जिंकून वरच्या श्रेणीत जाता येत नाही. पण 2012 ची एनएएसएल या तेव्हाच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगची स्पर्धा या संघाने याच मैदानावर पेनल्टीवर जिंकली, आणि 2021 मध्ये यूएसएल या संघाच्या आताच्या लीगचा अंतिम सामनाही इथेच झाला. त्या खेळाला दुय्यम म्हणणं आम्हाला पटत नाही.

विजेचा नियम सुरक्षेचा आहे. शेवटची वीज पडल्यापासून 30 मिनिटं थांबायचं, मध्ये पुन्हा पडली की मोजणी शून्यापासून. जून ते सप्टेंबर दुपारनंतर तिथे गडगडाट नेहमीचाच, म्हणून लहान मुलं बरोबर असतील तर मार्च-एप्रिलचा सामना घ्या.

तिकीट वापरलं गेल्याने पैसे परत देता येत नाहीत. पुढच्या सामन्याला त्याच किमतीत मध्यरेषेजवळच्या जागा देऊ; बुकिंगचा क्रमांक आणि किती जण आहात ते कळवा.